अक्षराला मोल कसं येतं?

वर्गात ज्याचं अक्षर चांगलं, त्याच्या हाती खडू येतो आणि रोजचा सुविचार फळ्यावर लिहिण्याचं काम त्याच्याकडे जातं. पुढे तेच मूल स्नेहसंमेलनाचा फलक रंगवतं, हस्तलिखिताचं मुखपृष्ठ करतं, मामेबहिणीच्या लग्नात पाकिटांवर नावं घालतं आणि सोसायटीतल्या काकांच्या सत्काराचं मानपत्रही लिहून देतं. प्रत्येक वेळी मागणी एकाच वाक्यात येते : "तुझं अक्षर छान आहे, जरा लिहून दे ना." मोबदला म्हणून कौतुक मिळतं, फार तर पेढ्यांचा पुडा.

मीही अशी पुष्कळ वर्षं लिहून देत होते. नंतर त्याच अक्षरावर घर चालवायला शिकले. या दोन टप्प्यांच्या मध्ये जे शिकावं लागलं, त्यातला अक्षराचा भाग निम्माच होता. उरलेलं निम्मं होतं वेळेचा हिशेब, लेखी बोलणं आणि पैसे मागण्याची सवय. कलेचा छंद व्यवसाय होतो तो या दुसऱ्या निम्म्यावर, आणि ते शिकता येतं. सुलेखनाच्या उदाहरणावरून ही वाट पायरी-पायरीने पाहू. चित्र काढणाऱ्यांना, मातीत काम करणाऱ्यांना किंवा भरतकाम करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

फॉन्ट असताना हाताला पैसे का मिळतात?

पहिली शंका हीच येते, आणि ती रास्त आहे. संगणकावर आज देवनागरी सहज उमटते. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट थोर अक्षरतज्ज्ञ र. कृ. जोशी यांनी रेखाटला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देखणे फॉन्ट कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. मग हाताने लिहिलेल्या चार अक्षरांसाठी कुणी पैसे का मोजावेत?

फॉन्टमधला ‘क’ प्रत्येक वेळी तोच असतो. पुस्तकाच्या तीनशे पानांना नेमकं हेच हवं असतं, कारण वाचताना अक्षराकडे लक्ष जाता कामा नये. मुखपृष्ठावरच्या शीर्षकाची गरज वेगळी. तिथे त्या एका शब्दाला स्वतःचा चेहरा हवा असतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं रेखाटली, ती वर्तमानपत्राच्या जाहिरातीत दुरून ओळखू यायची. नाटक गंभीर आहे की विनोदी, ऐतिहासिक आहे की आजचं, हे शब्द वाचण्याआधीच अक्षराच्या वळणावरून कळायचं. शेडगे २०२० साली गेले, पण शीर्षक म्हणजे नाटकाचं पहिलं पात्र असतं, हे त्यांच्या कामाने सगळ्यांना पटवून दिलं.

देवनागरीत अशा कामाला वाव मोठा आहे. शिरोरेषा सरळ ठेवता येते, तोडता येते, पूर्ण गाळताही येते. वेलांटी लांबवून तिचं छत करता येतं, रफाराला पक्ष्यासारखं वर बसवता येतं, जोडाक्षर आडवं मांडायचं की उभं हे ठरवता येतं. ग्राहक पैसे देतो ते या निवडीचे. म्हणून व्यवसायात उतरताना प्रश्न बदलावा लागतो. ‘माझं अक्षर किती सुंदर?’ याऐवजी ‘या शब्दाला, या कामाला कोणतं अक्षर शोभेल?’ असं स्वतःला विचारायला लागलात की पहिली पायरी चढलात.

हात तयार होणं म्हणजे काय?

हौशी आणि व्यावसायिक हातांतला पहिला फरक सातत्याचा. पन्नास वेळा ‘श्री’ लिहा आणि पहिला व पन्नासावा शेजारी ठेवून पाहा. हौसेने लिहिणाऱ्याचे दहा अप्रतिम निघतात, वीस बरे आणि उरलेले थकलेले. दोनशे प्रमाणपत्रांवर नावं घालण्याचं काम आलं, तर दोनशेवं नावही पहिल्यासारखंच दिसायला हवं. ज्याचं नाव त्यावर आहे, त्याच्यासाठी तेच पहिलं असतं.

दुसरा फरक साधनांच्या जाणिवेचा. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं आणि देवनागरीसाठीचा हा तिरकसपणा रोमन लिपीच्या कटाच्या उलटा असतो. रोमनसाठी बनवलेली निब तशीच वापरली की जाड आणि बारीक रेषा भलत्या जागी पडतात, आणि अक्षर परकं दिसू लागतं. अक्षराची उंची निबेच्या रुंदीच्या पटीत मोजतात. त्याच निबेने उंची कमी घेतली तर अक्षर ठसठशीत होतं, वाढवली तर सडपातळ. हे माप एकदा हातात बसलं की आकार अंदाजाने शोधत बसावं लागत नाही.

तिसरा फरक मोकळ्या जागेचा. ‘पाषाण’ हा शब्द लिहून पाहा, उभ्या दांड्यांची रांग लागते. ‘हळद’ लिहा, त्यात पूर्ण दांडा एकही नाही. दोन्ही शब्दांत अक्षरांमधलं अंतर सारखं ठेवलं, तर पहिला कोंदटलेला दिसेल आणि दुसरा विस्कटलेला. मोकळी जागा डोळ्याने सारखी करावी लागते, पट्टीने होत नाही. हे अंगवळणी पडायला रोजचा एक तास धरून वर्ष-दीड वर्ष जातं, असा माझा आणि माझ्याकडे शिकलेल्या बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

शिक्षणाची वाट अनेकांच्या नकळत शाळेतच सुरू झालेली असते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत अक्षरलेखन असतं. पुढे पूर्णवेळ शिकायचं असेल तर उपयोजित कलेची पदवी आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची स्थापना १८५७ ची, आणि तिथे १९३५ साली सुरू झालेल्या व्यावसायिक कलेच्या विभागातूनच पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. अच्युत पालव तिथलेच विद्यार्थी. मोडी लिपीच्या अभ्यासातून त्यांनी देवनागरीला नवं वळण दिलं, नवी मुंबईत सुलेखनाची शाळा काढली आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा शाळांमधून आणि अल्पमुदतीच्या वर्गांतूनही पाया पक्का होतो.

मानपत्र लिहून घेणारा माणूस मात्र पदवी विचारत नाही. तो नमुने विचारतो.

नमुने : बारा पुरेत, पण कामाचे

छंदाच्या वहीत साधारण काय असतं? गणपतीचे आकार, आवडत्या ओळी, बाराखडी, मित्रमैत्रिणींची नावं. वही देखणी असते, पण ती पाहून ग्राहकाला आपलं काम त्यात दिसत नाही. प्रकाशकाला मुखपृष्ठ दिसायला हवं, नवऱ्या मुलीच्या आईला पत्रिका, आणि संस्थेच्या चिटणीसांना मानपत्र.

म्हणून बारा नमुने असे करा, जणू कामं खरोखरच आली आहेत. दोन काल्पनिक पुस्तकांची शीर्षकं, एक गंभीर आणि एक मुलांसाठी. एक पूर्ण मानपत्र, अडीचशे शब्दांचं. एक लग्नपत्रिका. दाराजवळची एक पाटी. एखाद्या खानावळीचं आणि एखाद्या बालवाडीचं बोधचिन्ह. दिवाळी अंकातल्या कथेचं एक शीर्षक. नावं घातलेली तीन प्रमाणपत्रं. शेवटचा नमुना पूर्णपणे तुमच्या मनाचा. प्रत्येकाचा फोटो दिवसाच्या उजेडात, सरळ वरून काढा. शीर्षक पुस्तकावर आणि पाटी दारावर कशी दिसेल, तेही दाखवा.

इथे दोन गोष्टी पाळायच्या. दुसऱ्या अक्षरकाराचं वळण जसंच्या तसं गिरवून स्वतःच्या नमुन्यांत ठेवायचं नाही. शिकताना गिरवा, दाखवताना नको. आणि विकण्यासाठी कविता लिहून फ्रेम करणार असाल, तर कवितेवर हक्क कुणाचा ते आधी पाहा. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ज्ञानेश्वर-तुकाराम सर्वांचे आहेत, केशवसुत आणि बालकवीही आता खुले आहेत. कुसुमाग्रज मात्र १९९९ साली गेले, म्हणून त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत चालतो. त्यांची ओळ विकायची तर परवानगी घ्यावी लागते.

पैसा कुठून येतो?

सुलेखनाचं उत्पन्न एका ओढ्यातून येत नाही. पाच-सहा पाट एकत्र येतात तेव्हा बारमाही पाणी होतं. त्यातले मुख्य असे.

मानपत्रं आणि प्रमाणपत्रं : शाळा, महाविद्यालयं, साहित्यसंस्था, बँका, महिला मंडळं. काम ठरलेल्या तारखेचं असतं, पैसे बहुधा वेळेवर मिळतात, आणि एका समारंभातून पुढचं काम येतं, कारण मानपत्र व्यासपीठावरून सर्वांसमोर वाचलं जातं.

लग्न आणि घर : पत्रिका, पाकिटांवरची नावं, दाराच्या पाट्या, बारशाच्या भेटी. इथे रक्कम लहान असते, पण संख्या मोठी. परदेशात राहणारी मराठी कुटुंबंही पत्रिका आणि पाट्या आवर्जून मराठीत करून घेतात. पत्रिकेची फाइल पाठवता येते आणि छपाई ते तिथे करतात.

प्रकाशन, नाटक, चित्रपट : मुखपृष्ठावरची शीर्षकं, दिवाळी अंकांतली कथाशीर्षकं, नाटकाच्या जाहिराती. ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची वाट पाडली, तेव्हापासून चित्रकार आणि अक्षरकार यांना हा हंगाम काम देत आला आहे. रक्कम प्रत्येक वेळी भरघोस नसते, पण नाव छापून येतं आणि ते वाचलं जातं.

बोधचिन्हं आणि वेष्टणं : मसाले, पापड-लोणची, उपाहारगृहं, कपड्यांची दुकानं. हे काम सर्वांत अवघड आणि सर्वांत जास्त मोबदल्याचं, कारण तीच अक्षरं पुढे वर्षानुवर्षं वापरली जातात.

वर्ग आणि कार्यशाळा : मुलांचे सुट्टीतले वर्ग, मोठ्यांसाठी शनिवार-रविवारची शिबिरं, शिक्षकांसाठी फलकलेखन. अनेक अक्षरकारांचा महिन्याचा स्थिर आधार हाच असतो.

फॉन्ट : ही लांब पल्ल्याची वाट आहे. देवनागरीत मुळाक्षरांखेरीज मात्रा आणि जोडाक्षरं धरून शेकडो आकार रेखाटावे लागतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत यात पडू नये.

या पाटांचं वर्ष ठरलेलं असतं, आणि ते पंचांगाशी जुळतं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईची कामं सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं आणि पारितोषिक वितरणं. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला प्रात्यक्षिकांची आणि कार्यशाळांची बोलावणी येतात. एप्रिल-मेमध्ये मुलांचे वर्ग. पावसाळ्यात लग्नं थांबतात, पण त्याच महिन्यांत दिवाळी अंकांची जुळवाजुळव चालते. संपादकांना नमुने पाठवायचे ते मे-जूनमध्ये. गणपतीनंतर पाठवलेला नमुना पुढच्या वर्षासाठी राहतो. हे वर्ष भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे रिकामा महिना आला तरी घाबरायला होत नाही.

दर कसा काढायचा?

छंदातून आलेल्या माणसाची जीभ इथे अडते. ‘तुम्हीच काय ते द्या’ म्हटलं की समोरचाही अवघडतो आणि कमीत कमी रक्कम देऊन मोकळा होतो. दर हिशेबाने काढलेला असला की सांगताना संकोच वाटत नाही. उदाहरणादाखल आकडे घेऊ, तुमचे तुम्ही बदला.

समजा, घरखर्च आणि बचत मिळून महिन्याला ३०,००० रुपये हवेत. कागद, शाई, ब्रश, इंटरनेट, प्रवास आणि संगणकाच्या किमतीचा महिन्यावर येणारा वाटा मिळून ६,००० रुपये. एकूण ३६,०००. महिन्यात २४ दिवस, दिवसाला ६ तास काम केलं तर १४४ तास होतात. पण त्यातला निम्मा वेळ सरावात, फोनवर बोलण्यात, बिलं करण्यात आणि कागद आणण्यात जातो, त्याचे पैसे कुणी देत नाही. उरले ७२ तास. ३६,००० भागिले ७२ म्हणजे तासाला ५०० रुपये.

आता मानपत्र घ्या. मजकूर समजून घेणं आणि बोलणं १ तास, आखणी २, कच्चा नमुना २, पक्कं लेखन ३, सजावट आणि तपासणी १. झाले ९ तास, म्हणजे ४,५०० रुपये. त्यात चांगला कागद आणि इतर साहित्याचे ५०० मिळवा. मानपत्राचा दर ५,००० रुपये. यात भाव पाडून घेणारा आला, तर काम कमी करा, तासाचा दर कमी करू नका : "सजावट न करता साध्या चौकटीत साडेचार हजारांत होईल." असं बोलता आलं पाहिजे.

प्रमाणपत्रांवरची नावं पाहू. एका नावाला, कागद सरळ ठेवण्यापासून शाई वाळण्यापर्यंत, ३ मिनिटं धरा. २०० नावांना ६०० मिनिटं, म्हणजे १० तास आणि ५,००० रुपये. नावामागे २५ रुपये झाले. संस्थेकडून दहा टक्के जादा कोरी प्रमाणपत्रं आधीच मागून घ्या. शाई सांडते, हात चुकतो, आणि छापील कोरा कागद ऐनवेळी मिळत नाही.

बोधचिन्ह आणि शीर्षक यांना मात्र तासांचा हिशेब पुरत नाही. तिथे तासांची रक्कम हा तळ, त्याखाली उतरायचं नाही. वरची रक्कम वापरावरून ठरते. हजार प्रतींच्या कवितासंग्रहाचं शीर्षक आणि राज्यभर विकल्या जाणाऱ्या मसाल्याच्या पुड्यावरचं नाव, दोन्हींना समजा सहाच तास लागले, तरी दुसऱ्यातून होणारी कमाई कित्येक पट आहे. म्हणून आधी विचारायचं : कुठे वापरणार, किती वर्षं वापरणार, किती ठिकाणी?

आणि ओळखीच्यांचं काय? घरच्यांना भेट द्यायची असेल तर पूर्ण भेट द्या, मनापासून द्या. पैसे घ्यायचे असतील तर ठरलेले घ्या. अर्धवट सवलतीत दोन्ही बाजू नाराज राहतात.

लेखी घ्यायचं, नावापासून

सुरुवातीच्या दिवसांत एका संस्थेने सत्कारमूर्तींचं नाव मला फोनवरच्या संदेशात रोमन लिपीत पाठवलं. मी माझ्या समजुतीने आडनाव ‘वझे’ लिहिलं. ते होते ‘वाझे’. समारंभाच्या आदल्या रात्री ते लक्षात आलं, आणि पहाटेपर्यंत बसून पूर्ण मानपत्र पुन्हा लिहिलं. चूक त्यांची की माझी, या वादाला अर्थ नव्हता, कारण माझ्याकडे देवनागरीत लिहिलेलं काहीच नव्हतं. काळे की काले, गोळे की गोले : रोमन लिपी हे सांगत नाही. त्या रात्रीपासून माझा नियम झाला. नावं आणि मजकूर देवनागरीत, लेखी आल्याशिवाय शाईला हात लावायचा नाही.

प्रत्येक कामाला एका पानाची कामाची चिठ्ठी करा. फोनवर ठरलेलं लगेच संदेशाने लिहून पाठवलं आणि समोरच्याने ‘मान्य’ म्हटलं, तरी ती चिठ्ठीच. त्यात सात गोष्टी हव्यात : काय करायचं, आकार, मजकूर कोण देणार, तारीख, रक्कम, किती वेळा बदल करून मिळतील, आणि वापर कुठे होणार. बदल दोन वेळा त्याच पैशांत, तिसऱ्यापासून वेगळे. निम्मी रक्कम काम सुरू होण्याआधी. ग्राहकाने मधेच काम थांबवलं तर तोवर झालेल्या टप्प्याचे पैसे परत होणार नाहीत, हेही आधीच लिहायचं.

पक्कं लेखन करण्याआधी पेन्सिलीचा पूर्ण कच्चा नमुना पाठवा आणि त्यावर लेखी होकार घ्या. शुद्धलेखनाची जबाबदारी मजकूर देणाऱ्याची, असं चिठ्ठीत असलं तरी ऱ्हस्व-दीर्घ तुम्हीही तपासा. घरात एक शब्दकोश आणि लेखननियमांचं एक पुस्तक ठेवा. ‘आशीर्वाद’ चुकीचा लिहिलेलं मानपत्र वीस वर्षं दिवाणखान्याच्या भिंतीवर राहतं, आणि खाली सही तुमची असते.

छपाईच्या कामात हातचं लेखन स्कॅन करून द्यावं लागतं. निदान ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मग बाह्यरेषा संगणकावर गुळगुळीत करून व्हेक्टर फाइल तयार करा, म्हणजे तेच अक्षर व्हिजिटिंग कार्डावरही बसतं आणि दुकानाच्या फलकावरही. एवढं काम घरबसल्या शिकता येतं. ते आलं की छापखान्यातल्या माणसावर अवलंबून राहावं लागत नाही.

हक्क : मूळ कागद आणि त्याचा वापर

अक्षरकाराकडे विकण्यासारख्या दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे शाईने लिहिलेला मूळ कागद, आणि दुसरी म्हणजे त्या अक्षरांच्या प्रती काढण्याचा हक्क. ग्राहकाने फ्रेम विकत घेतली म्हणून टी-शर्टवर तीच अक्षरं छापायचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. नोकरीत असताना मालकाच्या कामासाठी केलेलं लेखन वेगळा करार नसेल तर मालकाचं होतं, आणि पैसे घेऊन काढलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला हक्कही वेगळं ठरलेलं नसेल तर ते काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून तुमचं काम कुठल्या प्रकारात बसेल, या वादात न पडता प्रत्येक वेळी लिहूनच ठरवा : कोणता वापर, किती वर्षं, कोणत्या रकमेत.

बोधचिन्हाचे सगळे हक्क ग्राहकाला लागतात, ते द्यावेत, पण त्याची किंमत दरात धरावी. पुस्तकाच्या शीर्षकाचा हक्क त्या पुस्तकापुरता द्यावा. आणि श्रेय मागावं. हक्क विकल्यानंतरही हे काम आपलं आहे असं सांगण्याचा अधिकार कायद्याने कलावंताकडेच राहतो. पुस्तकात ‘अक्षरलेखन’ म्हणून तुमचं नाव छापून येतं, तेव्हा पुढच्या कामाची जाहिरात फुकट होते.

बिल, नोंदी आणि थकलेले पैसे

पहिल्या कामापासून बिल करा. क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम, बँकेचा तपशील. कामाच्या पैशांसाठी वेगळं बचत खातं ठेवलं की वर्षअखेरीस हिशेब शोधावा लागत नाही. कंपन्या आणि काही संस्था व्यावसायिक शुल्कातून साधारणतः दहा टक्के कर कापून उरलेली रक्कम देतात. तो पैसा बुडत नाही. तुमच्या पॅनवर जमा झालेला असतो, आणि तुमचा कर त्याहून कमी निघाला तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पहिल्या वर्षी एखाद्या करसल्लागाराला तासभर भेटा. ते पैसे वाया जात नाहीत.

एक नोंदणी मात्र लवकर करावी : ‘उद्यम’. ती ऑनलाइन होते आणि निःशुल्क आहे. तिच्यामुळे तुम्ही सूक्ष्म उद्योगात मोडता आणि २००६ च्या कायद्याचं संरक्षण मिळतं. या कायद्यानुसार खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बहुतेक वेळा तक्रारीपर्यंत जावंच लागत नाही. बिलाच्या खाली उद्यम क्रमांक आणि ‘४५ दिवसांत देय’ एवढी ओळ असली तरी लेखा विभागात कागद पुढे सरकतो.

नोकरी कधी सोडायची?

घाईने नाही. रोज संध्याकाळी दोन तास आणि रविवारचा अर्धा दिवस, एवढ्यात पहिलं वर्ष बसतं. त्या वर्षात पैसे किती आले यापेक्षा दोन नोंदी महत्त्वाच्या : किती ग्राहक दुसऱ्यांदा आले, आणि किती अनोळखी माणसं कुणाच्या सांगण्यावरून आली. ओळखीतली कामं संपतात, अनोळखी माणसांनी आणलेली वाढत जातात.

तीन गोष्टी जुळल्या की नोकरी सोडण्याचा विचार करावा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला आहे. सलग बारा महिने, पावसाळा धरून, अक्षराचं उत्पन्न पगाराच्या निम्म्यावर राहिलं आहे. आणि उत्पन्नाचे निदान तीन पाट वाहते आहेत, म्हणजे एखादा आटला तरी चूल पेटेल. घरातल्यांशी हे आकडे समोर ठेवून बोला. स्वप्नाला विरोध करणारे आईवडील हिशेबाच्या वहीकडे मात्र नीट पाहतात, हे मी स्वतःच्या घरात अनुभवलं आहे.

एक काळजी मनापासून सांगते. छंद पोटाला लावला की त्याचा आनंद जातो, असं पुष्कळांना वाटतं, आणि ती भीती खोटी नाही. दिवसभर दुसऱ्यांची नावं लिहिल्यावर स्वतःसाठी बोरू उचलावासा वाटत नाही. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. आठवड्यातली एक सकाळ, कोणत्याही ग्राहकाविना, फक्त सरावाची. त्या सकाळी लिहिलेलं विकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. माझ्या चांगल्या शीर्षकांची मुळं शोधत गेले, तर ती त्या सकाळच्या कागदांतच सापडतात.

वाचकांपैकी ज्यांना कधी लिहून घ्यायचं असेल, त्यांना एक विनंती. ‘जरा लिहून दे ना’ म्हणताना पुढे ‘किती द्यायचे?’ एवढं जोडा. समोरच्या माणसाने त्या वळणासाठी वर्षं दिली आहेत.

आणि ज्यांचं अक्षर चांगलं आहे, त्यांनी पुढचं काम येईल तेव्हा निःसंकोच बिल करावं, रक्कम लहान असली तरी. कोऱ्या कागदावर तारीख घाला, ‘बिल क्रमांक १’ लिहा, आणि ते तुमच्याच सुंदर अक्षरात लिहा.